सहा रिकाम्या बाटल्या

मे महिना. भंवरकुआँकडच्या भाड्याच्या खोलीतून बावीस वर्षांचा मुलगा शवविच्छेदनाला आला. स्पर्धा परीक्षेसाठी बुऱ्हाणपूरहून इंदूरला आलेला. पंचनाम्यात उलटी, आतून कडी, पाण्याच्या सहा रिकाम्या बाटल्या आणि शेवटी ‘विषप्राशनाचा संशय’. परीक्षेचं पोर नि आतून कडी, की पोलिसांचं हे वाक्य ठरलेलंच.

पोटात वास नाही, अवयवांत डोळ्यांना दिसण्यासारखं काही नाही. व्हिसेरा, म्हणजे विषाच्या तपासणीसाठी काढलेले अवयवांचे तुकडे, पाठवला, त्याचं उत्तर येईल तेव्हा येईल. मेल्यावर रक्तातल्या साखरेवर भरवसा ठेवता येत नाही. म्हणून डोळ्यांतला द्रव.

हे काम मी कुणावर सोपवत नाही. डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यातून सुई घालून पिस्टन अगदी सावकाश ओढायचा. घाई केली की पडद्याच्या पेशी सुटून येतात आणि पोटॅशियमचा आकडा फुगतो. एका डोळ्यातून दोनेक मिली निघतं, काचेसारखं स्वच्छ, चिकट. मग तेवढंच सलाईन परत भरायचं, नाहीतर डोळे खोल जातात. चेहरा आई बघणार असते. आमचे काही लोक हे विसरतात.

मेल्यावर डोळ्यातलं पोटॅशियम चढत जातं, त्यावरून मृत्यूची वेळ काढतात. ते ९ आलं. इन्स्पेक्टरना तीच वेळ हवी होती, “मॅडम, एक्झॅक्ट टाइम.” स्टर्नरच्या सूत्राने २५ तास, मडेआच्या सूत्राने १६! त्यात वर तापलेला पत्रा. उकाड्यात पोटॅशियम आणखी भराभर चढतं. मी वेळ लिहून दिली नाही. ते रागावले.

साखर मात्र ५४०. डोळ्यातली साखर मेल्यावर उतरते, त्यामुळे कमी आली तर काही सांगता येत नाही. २००च्या वर आली की जिवंतपणीच वाढलेली. लघवीची पट्टी त्या द्रवात बुडवली, कीटोनचा, म्हणजे मधुमेह हाताबाहेर गेला की अंगात साठणाऱ्या आम्लाचा, चौकोन गडद जांभळा झाला. कुणालाच, त्यालाही, ठाऊक नसलेला मधुमेह. त्या बाटल्या तहानेच्या होत्या. पंचनाम्यात त्या मोजल्या होत्या, इतकंच.

बाहेर आई बसली होती. “ताई, त्यानं काही खाल्लं होतं का हो?”

“नाही. काही खाल्लं नव्हतं त्यानं. साखर वाढली होती.”

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, “परवा उलट्या होत होत्या म्हणून दवाखान्यात गेला होता. ग्लुकोज चढवलं म्हणे. फोनवर सांगत होता, आता बरं वाटतंय.”

बोटाला एक टोचणी, दोन मिनिटांचं काम. हे तिला सांगितलं नाही. इन्स्पेक्टरना सांगितलं, आईचा जबाब घ्या. “वो अलग मामला हो जाएगा, मॅडम,” म्हणाले आणि माझ्या सहीचा कागद घेऊन गेले.