ऑगस्टा स्टेट : 2010 चे विजेतेपद आणि त्यानंतरचे वर्ष

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातले ऑगस्टा हे शहर गोल्फप्रेमींना दर एप्रिलमध्ये होणाऱ्या मास्टर्स स्पर्धेमुळे ठाऊक असते. मला मात्र ते त्याच शहरातील ऑगस्टा स्टेट या लहानशा विद्यापीठाच्या संघामुळे अधिक जवळचे वाटते. या विद्यापीठाचे बाकीचे खेळ एनसीएएच्या (अमेरिकेतील विद्यापीठांच्या खेळांचे नियमन करणाऱ्या संस्थेच्या) दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे डिव्हिजन दोनमध्ये, खेळले जात. केवळ गोल्फचा संघ पहिल्या श्रेणीत उतरत असे, आणि तिथे त्याची गाठ अफाट पैसा व मोठा लौकिक असलेल्या विद्यापीठांशी पडे.

2009 साली एनसीएएच्या राष्ट्रीय गोल्फ स्पर्धेची पद्धत बदलली. तोवर संघाच्या एकूण फटक्यांवरून, म्हणजे ज्याचे फटके सर्वांत कमी तो, असा विजेता ठरत असे. आता 54 होलनंतर (होल म्हणजे चेंडू खळग्यात घालेपर्यंतचा खेळाचा एक टप्पा) आघाडीचे आठ संघ निवडायचे आणि पुढे कुस्तीच्या जोडी लावाव्यात तशा पाच एकेरी लढती खेळवायच्या, त्यांतल्या तीन जिंकणारा संघ पुढे जायचा, असा नियम आला. या लढतींत प्रत्येक होलचा निकाल वेगळा धरला जातो, त्यामुळे एखादे होल एका फटक्याने गेले काय किंवा चार फटक्यांनी गेले काय, नुकसान त्या एका होलपुरतेच राहते. म्हणूनच एखाद्या वाईट होलमुळे संघाची सगळी मेहनत वाया जात नाही.

जून 2010 मध्ये टेनेसीतील द ऑनर्स कोर्सवर अंतिम सामन्यात समोर होते ओक्लाहोमा स्टेट : तोपर्यंत दहा राष्ट्रीय विजेतेपदे मिळवलेले आणि त्या वर्षी अव्वल मानले गेलेले विद्यापीठ. जोश ग्रेगरी यांच्या मार्गदर्शनाखालील ऑगस्टाच्या संघात स्वीडनचा हेन्रिक नॉरलँडर, ऑस्ट्रेलियाचा मिच क्रिवुलिच आणि जॉर्जिया विद्यापीठातून आलेला पॅट्रिक रीड होता. निर्णायक लढतीत क्रिवुलिचची गाठ केव्हिन ट्वेशी, म्हणजे 1986 च्या पीजीए या व्यावसायिक गोल्फच्या मोठ्या स्पर्धेचे विजेते बॉब ट्वे यांच्या मुलाशी पडली, आणि 18 होलमध्ये निकाल न लागल्याने ती एकोणिसाव्या होलवर गेली. तिथे क्रिवुलिच जिंकला आणि ऑगस्टा स्टेटला पहिले राष्ट्रीय विजेतेपद मिळाले.

नव्या पद्धतीमुळे नशिबाला फार वाव मिळतो, हा आक्षेप मी पूर्णपणे खोडून काढणार नाही. एका दिवसाच्या पाच लढतींत दुबळा संघही बलाढ्य संघाला हरवू शकतो. परंतु 2011 ची स्पर्धा ओक्लाहोमा स्टेटच्या स्वतःच्या कार्स्टन क्रीक मैदानावर झाली, आणि तिथे उपांत्य फेरीत ऑगस्टाने त्यांनाच 3-2 असे हरवले. अंतिम सामन्यात जॉर्जिया विद्यापीठावरही 3-2 असाच विजय मिळाला. रीडने त्या दिवशी आपल्याच जुन्या विद्यापीठाच्या हॅरिस इंग्लिशला नमवले. या दोन वर्षांत अशा एकेरी लढतींच्या फेऱ्यांतील आपल्या सहाही लढती रीडने जिंकल्या होत्या. ह्यूस्टनच्या 1984 आणि 1985 च्या संघानंतर लागोपाठ दोनदा विजेतेपद मिळवणारा हा पहिलाच संघ होता. माझ्या दृष्टीने आक्षेपाला याहून समर्पक उत्तर असू शकत नाही.

2013 च्या जानेवारीत हे विद्यापीठ दुसऱ्या एका संस्थेत विलीन झाले आणि ऑगस्टा स्टेट हे नाव मागे पडले. रीड मात्र 2018 च्या एप्रिलमध्ये मास्टर्स जिंकला, ज्या शहरात तो शिकला होता त्याच शहरात.