तुम्ही विचारलंत म्हणून: मॅनिफोल्ड नवा का ओतून घेत नाही?

आमचा १९४७चा शेवरोलेट ट्रक कुठं उभा केला, बॉनेट उघडलं, की हा प्रश्न ठरलेला: "कोल्हापुरात एवढ्या फौंड्र्या, मग जुन्या मॅनिफोल्डची डागडुजी कशाला करत बसता? नवा ओतून घ्या की!" मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनातला जळका गॅस गोळा करून सायलेन्सरकडं नेणारा बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, भाग.

जनरल मोटर्सचा शिवडीचा जुळणी कारखाना १९५४ला बंद झाला, तेव्हा नवा भाग सहज मिळण्याचा प्रश्नच नाही. ओतून घ्यायचा तर जुना नग तसाच पॅटर्न (साचा उठवायचा नमुना) म्हणून वापरता येत नाही. बीड गार होताना साधारण एक टक्का आकसतं. अर्ध्या मीटरमागे पाच मिलीमीटर. टोकाची भोकं स्टडवर (इंजिनात रोवलेल्या आट्यांच्या खिळांवर) बसायचीच नाहीत. म्हणजे वाढीव मापाचा पॅटर्न, आतल्या पोकळ्यांचे वाळूचे गाभे बनवायला कोअर बॉक्स, आणि एवढा खटाटोप एका नगासाठी. शिवाय आमच्या मॅनिफोल्डचं बीड चांगलं खणखणीत आहे. झिजलाय तो त्यातला आडवा शाफ्ट.

या शाफ्टवर एक झडप असते. इंजिन गार असताना ती जळका गॅस कार्ब्युरेटरखालच्या (कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) भागाकडं वळवते, म्हणजे पेट्रोलची नीट वाफ होते. इंजिन तापलं की बाहेरची गुंडाळीची स्प्रिंग सैल पडते, शाफ्टवरचं वजन खाली येतं आणि गॅस सरळ सायलेन्सरकडं जातो. शाफ्ट झिजला की झडप खडखडते आणि भोकातून गॅस गळतो. भोकाभोवती काळी काजळी दिसली की समजायचं. त्या गॅसात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो, आणि केबिन तिथून हातभर अंतरावर. म्हणून "चालतंय की" हे उत्तर मला अजिबात मान्य नाही.

काही मिस्त्री झडप वेल्ड करून टाका म्हणतात. करायचंच असेल तर गरम इंजिनाच्या स्थितीत करा. गारच्या स्थितीत अडकली, तर घाटात कार्ब्युरेटर उकळतो आणि गाडीचा दम जातो. पण थंडीतल्या सकाळी चालू झडपेचा फरक कळतो: चोक (गार इंजिनाला जास्त पेट्रोल देणारी खुंटी) लवकर आत ढकलता येतो, कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेत नाही. मी ती चालूच ठेवतो.

जुना शाफ्ट कापून काढायचा, भोकं रीमरनं (भोक नेमक्या मापाचं करणाऱ्या हत्यारानं) गोल करायची, स्टेनलेसचा नवा शाफ्ट लेथवर काढायचा. इथं टर्नरला एक गोष्ट आवर्जून सांगावी लागते: घट्ट बसवू नका. स्टेनलेस बिडापेक्षा दीडपट फुगतं. गार असताना मऊ फिरणारा शाफ्ट तापल्यावर जाम होतो. थोडी ढिलाई हवीच. ऑइल घालायचं नाही, ते जळून तिथंच चिकटतं. रॉकेलमध्ये कालवलेलं ग्राफाइट घालतो.

बसवताना इनटेक (पेट्रोल-हवा आत नेणारा) आणि एक्झॉस्ट (जळका गॅस बाहेर नेणारा) हे दोन मॅनिफोल्ड एकमेकांना आधीच आवळू नका. जोडाचे बोल्ट ढिले ठेवा, दोन्ही मॅनिफोल्ड हेडवर (इंजिनाच्या वरच्या भागावर) मधल्या स्टडपासून टोकांकडं आवळत न्या, मग जोड घट्ट करा. नाहीतर धड असलेलं बीडच तडकतं. नट पितळेचे वापरा. लोखंडी नट तापून स्टडला धरून बसतात आणि पुढच्या वेळी पान्यासोबत स्टडच मोडून येतो.