फी माफ झाली, पण महिना कसा काढायचा

परवा रात्री जेवणं झाल्यावर खालच्या मजल्यावरची पोरगी आली, हातात प्लास्टिकची फाईल, म्हणाली ताई एमसीएला, म्हणजे पदवीनंतरच्या कॉम्प्युटरच्या कोर्सला, नंबर लागलाय पण पप्पा म्हणतात राहू दे. तिचे वडील वाशीच्या एपीएमसीत, म्हणजे घाऊक बाजारात, कांदा-बटाटा मार्केटला माथाडी, पोती उचलायचं काम, मूळचे साताऱ्याच्या जावळीकडचे, आमच्या कोपरखैरण्यात निम्मी बिल्डिंग अशीच आहे आणि माझे बाबापण त्यातलेच, त्यामुळे "राहू दे" म्हणजे काय ते मला लगेच कळलं. शिकू नको असं नसतं त्यात. त्यांची पाठ धरलीये, माथाडींच्या टोळीला पूर्वीसारखं काम नाही, धाकटा बारावीला आहे आणि ही ग्रॅज्युएट झाली की दुसरा पगार सुरू होणार हे घराने केव्हाचं धरून ठेवलेलं असतं.

तिला वाटत होतं फीच भरायचीये. जुलै २०२४ मध्ये सरकारचा जीआर निघालाय, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि व्यावसायिक कोर्सला कॅप राऊंडमधून, म्हणजे सरकारी प्रवेश फेरीतून, अ‍ॅडमिशन असेल तर ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (मराठा आरक्षणातल्या), ओबीसी मुलींची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ. मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर नाही, हे आधी विचारून घ्या. हे सांगितल्यावर तिचा चेहरा जरा सुटला, मग हळूच म्हणाली, पण ताई घरात काय देऊ?

आणि हाच मुद्दा आहे. पदवीपर्यंत घर कसंही रेटतं, पुढची दोन वर्षं मात्र पोरगं कमवायच्या वयाचं असतं, तेव्हा फीपेक्षा न आलेला पगार जड जातो. गेट ही इंजिनीअरिंगची प्रवेश परीक्षा पास होऊन एम.टेक.ला गेलेल्याला महिन्याला १२,४०० मिळतात, म्हणजे घरी काहीतरी हातभार लागतो. अनुसूचित जातीच्या मुलांना सरकारी होस्टेल नाही मिळालं तर स्वाधार योजनेत ठाणे, नवी मुंबईसाठी वर्षाला ६०,००० ठरवलेत, त्यातले ३२,००० नुसते जेवणाचे. चांगली योजना आहे, पण मूल ज्या शहरात शिकतं तिथलंच रहिवासी असेल तर बसत नाही. आणि आमच्या या पोरीसारखी, आईबापाच्या वन-आरकेत राहून शिकणारी, तिला महिन्याच्या खर्चाला कोण?

आमच्या सातारकडच्या लोकांना हे सांगायला नको. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं तेव्हा पोरांच्या पोटाची सोय आधी बघितली, धान्य संपलं तेव्हा त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी, मंगळसूत्रसुद्धा मोडलं. कमवा आणि शिका हे त्यातूनच आलं. आज शंभर वर्षांनी पण पोरांचं अडतं ते पोटापाशीच.

माझ्या एम.कॉम.च्या वेळचं सांगते. कॉलेजने सांगितलं आधी पूर्ण फी भरा, शिष्यवृत्ती आली की बघू. बाबांनी मुकादमाकडून उचल घेतली. शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर पैसे जमा दिसत होते आणि माझ्या खात्यात एक रुपया नाही, आठ महिने मी बँकेत चकरा मारत होते. शेवटी कळलं की आधार गावच्या जुन्या खात्याला जोडलेलं होतं, लहानपणी आजीने उघडलेलं, पैसे तिकडे जाऊन बसलेले. आजी गेल्यावर ते पासबुक तिच्या पत्र्याच्या पेटीत सापडलं, कडा वाळवीने खाल्लेल्या. बाबांची उचल तोपर्यंत फिटलीपण नव्हती.

म्हणून शिष्यवृत्तीचा फॉर्म भरायच्या आधी बँकेत जाऊन विचारा, माझं आधार डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट जमा व्हायला, कुठल्या खात्याला जोडलंय. नुसतं लिंक आहे म्हटलं तर ऐकू नका, खातं कुठलं ते विचारा. उत्पन्नाचा दाखला अ‍ॅडमिशनच्या गर्दीआधीच तहसीलमधून काढून ठेवा, जून-जुलैत दाखले देणाऱ्या सेतू केंद्रात उभं राहायला जागा नसते. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र पण लागतं. आणि दुसऱ्या वर्षी शिष्यवृत्तीचं रिन्यूअल भरायचं असतं, ते कितीतरी मुलं विसरतात आणि हातची शिष्यवृत्ती जाते, याचा मला खरंच त्रास होतो.

काल तिच्या पप्पांशी बोलले, पाळीवरून आले होते, खांद्यावरचा टॉवेल पण काढला नव्हता. फीचं ऐकून घेतलं, मग बराच वेळ गप्प. म्हणाले, संध्याकाळची शिकवणी घेईल का ती, दोन-तीन पोरं मी बघतो बिल्डिंगमधली. शनिवारी मी तिला घेऊन बँकेत जातेय.