पोकलेनच्या बकेटात आलेला पंखा

"फौजीमामा, ह्यो पत्रा भट्टीत घालायचा का न्हाई?" सोलापुरातल्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या भंगारवाल्याची परीक्षा दोनच हत्यारांची, चुंबक आणि कानस. चुंबक चिकटलं नाही, कानशीखाली पांढरं निघालं, म्हणजे ॲल्युमिनियम. पण हा पत्रा भांड्याच्या पत्र्यासारखा दुमडेना. कडक भाकरीसारखा काटकन तुटत होता.

मी आधी रिव्हेट बघितले. गोल डोकं आणि बरोबर मध्यभागी बारीक खळगा. तो खळगा म्हणजे अमेरिकन विमानातला रिव्हेट. आतल्या बाजूला हिरवट-पिवळा झिंक क्रोमेट प्रायमर, म्हणजे गंज रोखणारा रंग, आणि पुसट शाईत 'अल्क्लॅड २४ एस-टी'. या मिश्रधातूत साडेचार टक्क्यांच्या आसपास तांबं असतं. ताकद त्याचीच, आणि गंजही त्याच्यामुळेच. म्हणून दोन्ही अंगांनी शुद्ध ॲल्युमिनियमचा पातळ थर चढवलेला असतो. जिथे भोक पाडलंय, कड कापलीय, तिथे थर संपतो. तिथूनच पाणी शिरतं आणि पत्रा पापुद्रे सुटून फुगतो. भांड्यांच्या मालात हा पत्रा मिसळला असता तर भट्टीतला सगळा रस बिघडला असता. भंगारवाल्याला पटलं ते एवढंच.

माल आला होता सीनाकाठच्या एका शेतातून. शेततळं खोदताना दहा फुटांवर पोकलेनचे दात कशाला तरी लागले. विमान नाक खाली करून पडलं की हलका पत्रा वर विखुरतो आणि तो त्याच वेळी उचलून नेला जातो. चारशे किलोंवरचं इंजिन मात्र ओल्या काळ्या मातीत रुतत जातं. एवढ्या खोलीवर इंजिन सापडलं, यावरूनच पडण्याचा कोन तिरका नव्हता, जवळपास उभा होता असं मी धरतो.

शेतात फोन लावून मी पहिल्यांदा सांगितलं ते हेच: काम थांबवा, पोलिसांना कळवा, आणि घड्याळासारखी तबकडी दिसली तर खरवडू नका. तिच्या आकड्यांवर रेडियमचा रंग असू शकतो. रंग चमकत नाही म्हणून निर्धास्त राहायचं नाही. चमकणारी पूड खराब होते. रेडियम निम्मं व्हायलाच सोळाशे वर्षं लागतात. दारूगोळा असेल या शंकेने बॉम्ब शोधक पथकाने खड्डा तपासला. काही निघालं नाही. हाडंही नाहीत. हाडं निघाली असती तर पुढची वाटच वेगळी होती.

इंजिन धुतल्यावर नऊ सिलिंडर दिसले, एकाच रांगेत गोलाकार. एक फुटका होता, त्यात व्हर्नियर घातला: १४६ मिलिमीटर, म्हणजे पावणेसहा इंच. त्याच कंपनीच्या अठरा सिलिंडरच्या इंजिनाचाही बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली रुंदी, तेवढाच असतो, म्हणून नुसत्या मापावर जायचं नाही, रांगा मोजायच्या. प्रॅट अँड व्हिटनीचं वास्प, सहाशे अश्वशक्ती. एका ब्रॅकेटवरचा पार्ट नंबर '८८-'ने सुरू होत होता. नॉर्थ अमेरिकन कंपनी भागांवर आपल्या प्रकल्पाचा आकडा आधी टाकायची. म्हणजे हार्वर्ड, शिकाऊ वैमानिकांचं विमान.

पण नेमकं कोणतं हार्वर्ड? ही विमानं महायुद्धात इथे उडाली आणि स्वातंत्र्यानंतरही आपल्या हवाई दलात कित्येक वर्षं होती. इंजिनावर नंबराची पाटी असते. तिच्या जागी चार ताजी, चमकणारी भोकं होती. कुणीतरी स्क्रू-ड्रायव्हर घालून ती उचकटली आणि मिक्स मालात टाकली. जड लोखंड जागच्या जागी राहतं. ज्याच्यावर नाव लिहिलंय ते आधी जातं, कारण ते खिशात मावतं. चूक माझीही आहे. "सगळं एका बाजूला रचून ठेवा," असं मीच बोलून गेलो. कोणता तुकडा कुठे होता हे त्या एका वाक्यात गेलं.

राहिला पंखा, म्हणजे विमानाचा प्रोपेलर. दोन पात्यांचा. इंजिन चालू असताना जमिनीला लागला तर पाती पिळवटतात, टोकं पुढे वळतात. बंद असेल तर पातं नुसतंच मागे वाकतं. एक पातं पिळवटलेलं होतं आणि चिरांत पांढरी भुकटी बसलेली, म्हणजे जुना मार. दुसरं मागे वाकलेलं, पण भेगेत धातू लखलखीत. ते काम पोकलेनचं. एकाच पात्यावर इंजिन चालू होतं असं लिहून द्यायला माझा हात धजत नाही. पात्याच्या बुडावर नंबर ठोकलेला असतो, तो हबच्या, म्हणजे पाती बसतात त्या मधल्या भागाच्या, आत. गंजलेला हब गॅसने तापवायचा नाही, पात्याची धातू मऊ पडते. तेल सोडून पंधरा दिवस थांबायचं, मग ओढून काढणारा पुलर लावायचा. मी तसा अर्ज केला. तोवर मुद्देमाल मोजून खोलीत गेला होता.

पंचनाम्यात लिहिलंय: 'लोखंडी पंखा, एक नग.' चुंबक मी त्यांच्यासमोरच लावून दाखवलं होतं. हबला चिकटलं, पात्याला नाही.