हरवलं-सापडलं

माउलींच्या पालखीबरोबर वारीला निघालेले. जेजुरीला भंडारा उधळला, वाल्हं मागे पडलं, नीरा नदीत पादुकांचं स्नान झालं. लोणंदच्या अलीकडे डाव्या टाचेवर रुपयाएवढा फोड टरटरून फुगला. बाभळीखाली बसले, तर दुसऱ्या दिंडीतली एक माउली न विचारता पाय मांडीवर घेऊन बसली.

सुई ज्योतीवर धरली, गार होऊ दिली, फोडाच्या कडेला खालच्या अंगानं दोन भोकं पाडली. पाणी टिपलं. कातडं मात्र जागेवरच ठेवलं. ते ओरबाडलं की पंढरपूरपर्यंत लंगडायचं. काहीजण दोरा ओवून आत ठेवतात. तोच दोरा चिखलपाणी आत ओढतो आणि दोन दिवसांत पू. वर चिकटपट्टी, त्यावर कोरडा मोजा. ओला झाला की घसरतो, शेजारी दुसरा फोड तयार! मी पाया पडायच्या आधी तीच माझ्या पाया पडली.

उठले, तर चपला गेलेल्या.

चपलांचा जोड दोरीनं बांधून पिशवीत ठेवायचा, हे मला का कळू नये? खिसेकापूही गळ्यात तुळशीची माळ घालूनच येतो. दिवेघाटात चढ, दाटी आणि सगळ्यांचे डोळे रथाकडे. मंगळसूत्रं तिथंच जातात. ते घरी ठेवावं, पैसे दोन जागी ठेवावेत.

पण चोराचं सोडा, आपलीच माणसं बघा. बिस्किटाच्या वाटपाला एकच हात तीनदा पुढे येतो, पुडे नातवंडांसाठी ट्रकमध्ये जातात. टँकरवर तर भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, भरलेला आणि न भरलेला असा वाद. माझी बादली एकानं सरळ मागे सारली. मुखानं हरिनाम चालूच.

संध्याकाळी पालखीच्या तळावर समाज आरती, सगळ्या दिंड्यांची मिळून. सोहळ्याची शिस्त राखणाऱ्या चोपदारांनी दंड उंचावून 'होऽऽ' केलं आणि टाळ थांबले. एका दिंडीचे तेवढे वाजत राहिले, म्हणजे तक्रार आहे. चोपदार तिथं जाऊन ऐकून आले. मग हरवलं-सापडलं पुकारलं: चष्मा, पितळी तांब्या, पैशांसकट पाकीट. पाकीट आमच्याच दिंडीतल्या एकाला सापडलेलं, न मोजता आणून दिलेलं. बादली सारणारा तोच.

चपला कुणी पुकारत नाही. त्या रोजच जातात.