पहिल्याच खेपेला सुवर्ण

संध्याकाळी खानापूरला तालमीत गेलो तर पोरं मोबाईलला चिकटलेली. बघतोय तर काय, २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमधली ज्युदोची फायनल! कोसोव्होची मायलिंडा केल्मेंडी, ५२ किलो गट. देशाला ऑलिम्पिकची मान्यता मिळाली २०१४ ला. रिओत पहिल्यांदाच उतरले, खेळाडू अवघे ८, आणि झेंडा धरून पुढं चाललेल्या ह्या पोरीनंच इटलीच्या खेळाडूला हरवून सुवर्ण मारलं. २०१२ ला लंडनमध्ये हीच अल्बेनियाकडून खेळलेली. कुणाच्या झेंड्याखाली उभं राहायचं, हा घोळ आम्हा सीमाभागातल्यांना कुणी समजावून सांगायला नको! वस्तादांना त्याचं काय पडलेलं नाही. चष्मा कपाळावर सरकवून, “पकड बघ गा तिची, पकड!” लगेच दोघं तांबड्या मातीत तसंच करायला गेले, नि दोघंही तोंडावर आपटले.