या छायाचित्राच्या एकूण किती प्रती निघणार?

एका कलादालनाच्या संचालिकेसमोर पहिल्यांदा माझी छायाचित्रे ठेवली, तेव्हा प्रकाश, रचना आणि आशय यांविषयी त्या काय विचारतील याची मी पुष्कळ उजळणी करून गेलो होतो. त्यांनी सगळी चाळीस छायाचित्रे शांतपणे पाहिली. ही तिघा वेगवेगळ्या माणसांची कामे वाटतात, एवढे म्हणून त्यांनी एकच प्रश्न विचारला : यातल्या प्रत्येक छायाचित्राच्या एकूण किती प्रती निघणार? मागणी येईल तितक्या, असे मी सांगून टाकले आणि त्या उत्तराबरोबर भेटही संपली.

चित्रकाराला हा प्रश्न सहसा विचारला जात नाही, कारण त्याचा कॅनव्हास एकच असतो. छायाचित्राची प्रत मात्र हवी तेवढ्या वेळा काढता येते, आणि विकत घेणाऱ्याच्या मनातली पहिली शंका नेमकी तीच असते. मर्यादित आवृत्ती, म्हणजे एडिशन, ही त्या शंकेवर बाजाराने काढलेली तोड आहे. छायाचित्रणाच्या तंत्रातून ती आलेली नाही. प्रख्यात अमेरिकी छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ साली टिपलेल्या ‘मूनराइज, हर्नांडेझ’ या छायाचित्राच्या तेराशेहून अधिक प्रती पुढच्या काही दशकांत काढल्या, आणि तरीही त्या आजवर चढ्या किमतीला विकल्या जातात. पण अ‍ॅडम्स यांचे उदाहरण तुमच्या-माझ्या उपयोगाचे नाही. ज्याचे नाव अजून कोणाला ठाऊक नाही, त्याच्याकडे देण्यासारखी हमी म्हणजे त्याने ठरवलेला आकडा, आणि तो पाळण्याचा त्याचा शब्द.

हा शब्द किती बारकाईने द्यावा लागतो, हे अमेरिकी छायाचित्रकार विल्यम एगलस्टन यांच्यावरील खटल्यातून कळते. त्यांच्या जुन्या, डाय-ट्रान्सफर पद्धतीने (एकेक रंग कागदावर उतरवून) काढलेल्या छायाचित्रांपैकी काहींच्या मोठ्या आकाराच्या नव्या डिजिटल प्रती २०१२ साली न्यू यॉर्कमध्ये लिलावात विकल्या गेल्या, तेव्हा जुन्या मर्यादित प्रती बाळगणाऱ्या एका संग्राहकाने त्यांना न्यायालयात खेचले. पुढच्या वर्षी न्यायालयाने दावा फेटाळला. नव्या प्रती ही निराळी आवृत्ती ठरली. कायद्याने छायाचित्रकार सुटला खरा, परंतु नवख्या माणसाने असा वाद आपल्या वाट्याला येऊच देऊ नये. म्हणून आवृत्ती जाहीर करताना केवळ आकडा पुरत नाही. तो कोणत्या आकारासाठी आहे, दुसऱ्या आकाराची स्वतंत्र आवृत्ती निघणार आहे का, आणि छायाचित्रकाराच्या स्वतःसाठी राखलेल्या प्रती किती, हे सारे आधीच लिहून ठेवावे. मी आता दोन आकार ठेवतो, लहान आकाराच्या दहा आणि मोठ्याच्या पाच प्रती, शिवाय प्रत्येकी दोन माझ्या. प्रतीच्या मागे पेन्सिलीने सही, शीर्षक, वर्ष आणि क्रमांक असतो, आणि कोणती प्रत कोणाकडे गेली याची वही मी न चुकता भरतो. प्रत टिकावी म्हणून ती आम्लविरहित सुती कागदावर पिगमेंट, म्हणजे रंगकणांच्या, शाईने काढलेली असावी हे वेगळे सांगायला नको.

किमतीचा हिशोब करताना बहुतेक जण फसतात, आणि मीही फसलो. दालनाचे कमिशन बहुधा विक्रीच्या निम्मे असते. छायाचित्राची किंमत शंभर धरली, आणि छपाई, माउंट व फ्रेम यांचा तीसचा खर्च तुम्ही केला असेल, तर हातात वीस उरतात. त्यात ओळखीच्या ग्राहकाला दिलेली दहा टक्के सवलत तुमच्याच हिश्शातून गेली, तर दहाच. निम्मा वाटा ऐकून पुष्कळ जण संतापतात, पण वर्षभर भिंती, दिवे, माणसे आणि खरेदीदारांची ओळख सांभाळणे हे फुकटचे काम नाही, त्यामुळे तो संताप मला पटत नाही. त्याच छायाचित्राची प्रत स्वतःच्या संकेतस्थळावर कमी किमतीत विकणे मात्र सरळसरळ दगाबाजी आहे. किंमत सुरुवातीला बेताची ठेवावी आणि आवृत्तीतल्या प्रती संपत जातील तशी वाढवावी, कारण एकदा वाढवलेली किंमत खाली आणली तर आधीचा खरेदीदार नाडला जातो.

दालन निवडणे हे खरे तर घरी बसून करायचे काम नव्हे. त्या दालनाची दोन-तीन प्रदर्शने पाहावीत, तिथे छायाचित्रे मांडली जातात की केवळ चित्रे आणि शिल्पे, आणि आपल्या कामाला तिथे शेजार मिळेल का, हे पाहावे. उद्घाटनाच्या संध्याकाळी संचालकांना गाठून मोबाइलवर छायाचित्रे दाखवणारी माणसे मी पाहिली आहेत. त्यांच्यापासून दूर सरकणारे संचालकही पाहिले आहेत. संकेतस्थळावर नवे काम पाहण्याची पद्धत दिलेली असेल तर तीच पाळावी, नसेल तर चार ओळींचा ईमेल, एकाच मालिकेतली पंधरा-वीस छायाचित्रे आणि दीडशे शब्दांचे निवेदन पुरे होते. उत्तर न येणे हेही बहुधा उत्तरच असते, आणि कार्यक्रम वर्ष-दीड वर्ष आधी ठरत असल्याने होकारही सावकाश येतो. अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा फोटोफेस्ट किंवा फ्रान्समधल्या आर्लचा छायाचित्र महोत्सव यांसारख्या ठिकाणी पोर्टफोलिओ परीक्षणाची सोय असते. तिथे समोरचा माणूस काम पाहण्यासाठीच बसलेला असतो, ही फार मोठी सवलत आहे.

भिंतीचे भाडे घेऊन प्रदर्शन भरवू देणारी दालनेही असतात. त्यात गैर काही नाही, परंतु त्यांची कमाई भाड्यातून होत असल्यामुळे तुमचे छायाचित्र विकले जाण्याची निकड त्यांना नसते, एवढे ओळखून पैसे मोजावेत.

होकार मिळाल्यावर कागदपत्रांचा विषय काढायला संकोच वाटतो. माझ्या एका समूह प्रदर्शनानंतर तीन फ्रेमपैकी एक फुटलेल्या कोपऱ्यासह परत आली. ती विक्रीसाठी ठेवताना पोचपावती घेतलेली नसल्यामुळे नुकसान वाहतुकीत झाले की दालनात, हे शेवटपर्यंत ठरले नाही आणि भुर्दंड मलाच पडला. विकली जाईपर्यंत प्रत छायाचित्रकाराच्या मालकीची राहते, हे वाक्य करारात असलेच पाहिजे. विमा कोणाचा, ने-आण कोणाच्या खर्चाने, विक्रीनंतर किती दिवसांत पैसे मिळणार आणि सवलत कोणाच्या हिश्शातून, हेही त्यातच यावे.

दोन वर्षांनी मी पहिल्या दालनात पुन्हा गेलो, तेव्हा सोबत एकाच मालिकेतली चौदा छायाचित्रे होती. तोच प्रश्न आला आणि मी आवृत्तीचा कागद पुढे केला. त्यांनी तो छायाचित्रांच्याही आधी वाचला, आणि मग समूह प्रदर्शनासाठी दोन छायाचित्रे ठेवून घेतली. त्यांतल्या एकाची १/१० क्रमांकाची प्रत विकली गेली. दुसरे परत आले, या वेळी चारही कोपरे शाबूत.